वाकळ म्हणा नाहीतर क्विल्ट

अहो वहिनी, ऐकलंत का? या जरा इकडे, कुंपणापाशी. ती बोगनवेल सांभाळा, पदर अडकेल. हळूच बोलते, त्यांची मागची खिडकी उघडी आहे आणि त्या खिडकीला कान किती लांब आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

समोरच्यांच्या सुनेचं पार्सल गेलं सकाळी. कुठं, सांगा बघू? पुणं नाही, मुंबई नाही. मेलबर्न! आणि आत काय, तर वाकळ. आपली वाकळ हो! आपण पाहुणे जास्त झाले की माळ्यावरून काढायचो ती. कुरिअरच्या पोरानं विचारलं, "आत काय आहे?" सासूबाई दारातच उभ्या. तीन वर्षं वाकळीचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्याच सासूबाई. काय म्हणाल्या माहितीये? "हेरिटेज क्विल्ट आहे, नीट ने." मी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या तसाच राहिला हातात, पाणी सगळं पायावर.

आता वाकळीची क्विल्ट कधी झाली म्हणाल तर... अहो, सगळं त्या पुरापासनं सुरू झालं. २०१९चा ऑगस्ट, आपली सांगली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभागात पहिल्या मजल्यावरनं माणसं होडीत उतरवली. त्यांच्या आजेसासूबाईंचं घर तिथलंच. पाणी ओसरल्यावर काय अवस्था होती, आठवतंय ना? रस्त्यावर गाद्या, कपाटं, भांडी, सगळ्यावर चिखल आणि तो वास. त्यात म्हातारीची ट्रंक. उघडली तर आत लुगडीच लुगडी. इरकली, महेश्वरी, आणि रोजच्या वापरातली ती मऊ झालेली जुनेरं. मुलगा म्हणाला फेकून द्या. सून म्हणाली, थांबा.

आठ दिवस धूत होती पोरगी! बादलीमागून बादली, चिखल काही संपेना. वाळायला तुमच्याच गच्चीवर होती की निम्मी, विसरलात? तुम्हीच म्हणाला होतात मला, "हिला काय वेडबीड लागलंय का?" बरं बरं, आपण दोघी म्हणालो होतो.

तर काय सांगत होते... हां, आजेसासूबाई. त्या इकडे विश्रामबागला राहायला आल्या त्या आल्याच. दिवसभर करायला काही नाही, नजर अधू. पण बोटं! बोटांना दिसत होतं सगळं. त्यांनी सुनेला, म्हणजे नातसुनेला हो, समोर बसवलं. लुगड्याच्या घड्या घालायच्या, चारी कोपरे ताणून मोठे कच्चे टाके घालून घ्यायचे, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. मधूनच कुठूनतरी सुरुवात करायची नाही. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं फिरत फिरत आत यायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. पोरगी कंप्युटरवाली, पट्टी घेऊन बसली मापायला. म्हातारीनं पट्टी काढून घेतली आणि म्हणाली, "बोट कशाला दिलंय देवानं?"

पुढं कोरोना आला, पुण्यातली कंपनी घरात आली, लॅपटॉप एका मांडीवर आणि वाकळ दुसरीवर. आणि एक दिवस लॅपटॉप गेला, वाकळ राहिली. त्या दिवशी त्यांच्या घरात जेवणं झाली नाहीत म्हणे. कामवाली सांगत होती, मी काही विचारलं नव्हतं. "एवढं इंजिनिअर करून सून आणली ती चिंध्या शिवायला?" हे सासूबाईंचं वाक्य आणि सासऱ्यांनी नुसता पेपर उलटा धरला होता.

पण खरी मजा हळदीकुंकवाला झाली. तुम्ही त्या वर्षी मिरजेला होतात, हुकलात! सगळ्या जमलेल्या, तिळगूळ झाला, वाण झालं, आणि दिवाणावर ती अंजिरी काठाची वाकळ अंथरलेली. एकीनं हात फिरवून विचारलं, "छान गं, केवढ्याला देणार?" ती शांतपणे म्हणाली, "साडेचार हजार."

वहिनी, अत्तरदाणी फिरवणारीचा हात थांबला. पिवळ्या बंगल्यातल्या काकू म्हणाल्या, "वाकळीचे?" जणू कुणी पाणी विकायला काढलंय. तिकडनं आवाज आला, "आमच्याकडे आम्ही फुकट शिवून घेत होतो हो." आणि त्या स्वतःला फार समजतात त्या बाई, नाव घेत नाही, त्या म्हणाल्या, "छंद आहे तोवर ठीक. घरच्या वस्तूचे काय पैसे घ्यायचे?" सासूबाईंचं तोंड असं पडलं, असं पडलं, की मला उठून त्यांच्या हातातलं तबक घ्यावं लागलं.

मग सुनेनं काय करावं? वाणाच्या पिशवीवरच पेन्सिलनं हिशोब मांडला. पाच बाय सातची एक वाकळ. रोज दुपारचे तीन तास, अशा बत्तीस दुपारी. झाले शहाण्णव तास. कापड, दोरा, धुणं, पाठवणं मिळून सातशे. उरले अडतीसशे. "तासाला चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत, काकू. तुमच्या स्वयंपाकाच्या मावशी किती घेतात?" आता पिवळ्या बंगल्यातल्या काकू मावशींना काय देतात हे सगळ्या कॉलनीला ठाऊक. काकूंनी वर पंख्याकडे बघितलं. जानेवारीचा महिना, पंखा बंद!

मला तर तेव्हापासून वाटतं, आपण सगळ्यांनीच कधी तास मोजले नाहीत. आपल्या सांगलीच्या कमलाबाई ओगले घ्या. चौथी शिकलेल्या. घरात रांधता रांधता १९७० साली 'रुचिरा' लिहिलं, वाटी-चमच्यानं मापं दिली, आणि आज सासरी जाणाऱ्या पोरीच्या बॅगेत दागिने नसतील एकवेळ, रुचिरा असतं. लिज्जतच्या सात बायकांचं तर तुम्हाला पाठच आहे. १९५९, गिरगाव, ८० रुपये उसने, गच्चीवर पापड, पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ला पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे बासष्ट वर्षांनी हो! पापड वाळायला एवढा वेळ नाही लागत.

आणि कोल्हापुरीचं बघितलंत ना? त्या प्राडावाल्यांनी २०२५च्या जूनमध्ये मिलानला पोरांच्या पायात घालून मिरवली. कोल्हापूरचा उल्लेख कुठंही नाही. नुसती चामड्याची सँडल म्हणे! २०१९लाच जीआय मिळालेलं असून. ओरडा झाला तेव्हा कबूल केलं की हो, तिकडचीच कला आहे. आमचे हे म्हणाले, "बघ, परदेशी पायात गेली की चपलेला किंमत येते." मी म्हटलं, आणि घरातल्या पायात असते तेव्हा? तर टीव्हीचा आवाज वाढवला त्यांनी.

सगळ्यांचं जमतं असं नाही हं. कोपऱ्यावरच्या ताईंचे केक आठवतात? लॉकडाऊनमध्ये काय जोरात होतं. डबल चॉकलेट, रसमलाई, फोटोच फोटो. पण नाही चाललं. केक वाईट होता म्हणून नाही, केक सुरेख होता. कारण आपण. "घरचाच आहे ना गं, किती लावणार?" वाढदिवसाला अर्धा किलो सांगायचा आणि पैसे "देते नंतर". ताईंना मागायची लाज, आपल्याला द्यायचा विसर. माझेही दोनशे राहिलेत त्यांच्याकडे. म्हणजे माझ्याकडे त्यांचे. आता ओव्हनवर टेबलक्लॉथ घालून वर फुलदाणी ठेवलीय. मला त्या घरात गेलं की त्या फुलदाणीकडे बघवत नाही.

उलट ते भडंगवाले काका! बँकेतून रिटायर झाले ना, पक्के. पहिल्याच दिवशी फूड लायसन्सचा तो चौदा आकडी नंबर पाकिटावर छापून घेतला, एवढा मोठा की भडंगापेक्षा नंबरच जास्त दिसतो. सख्ख्या बहिणीला उधार नाही. बहीण बोलत नाही आता, पण भडंग न्यायला भाच्याला पाठवते.

तर मी काय सांगत होते... सासूबाई बदलल्या कशा, ते राहिलंच की. अहो, गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या गाडी घेऊन, इचलकरंजीकडच्या. हातात पिशवी. पिशवीत आईच्या सहा साड्या. आई वर्षापूर्वी गेलेली. म्हणाल्या, कपाटात ठेवून काय करू, ह्याचं काहीतरी पांघरायचं करून द्या. सुनेनं घेतल्या, महिन्यानं बोलावलं. त्या आल्या, गोधडी उलगडली. एका कोपऱ्यात आईच्या साडीवरचा हळदीचा डाग होता, तो सुनेनं मुद्दाम काढला नव्हता, वरच्या बाजूला ठेवला होता. बाईंनी त्या डागावर बोट ठेवलं आणि तिथंच, सोफ्यावर नाही हो, खाली फरशीवर बसल्या. कुणी काही बोलेना. सासूबाई आत गेल्या, चहा करून आणला, त्यांच्याजवळ खाली बसल्या. गुडघेदुखीचं काय झालं होतं तेव्हा कुणास ठाऊक.

बाई गेल्या. सासूबाईंनी दार लावलं, डोळे पुसले आणि सुनेला विचारलं, "पैसे घेतलेस का?"

"घेतले."

"कमी तर नाही ना घेतलेस?"

त्या दिवसापासून हिशोबाची वही सासूबाईंकडे! रोज संध्याकाळी चष्मा लावून बसतात. भाव करणाऱ्याचा फोन आला तर सून देते त्यांच्याकडेच. आणि गंमत ऐका, बोहारीण रुसलीय. परवा फाटकाशी म्हणाली, "ह्या गल्लीत आता जुनेरं निघतच न्हाईत, बाई. सगळी त्या क्विल्टवालीकडं. म्या पातेली कुणाला द्यायची?" खरंय तिचंही. तिच्या पोटावर पाय आला. मी तिला दोन शर्ट दिले ह्यांचे, तेवढंच. चहा गाळणी मिळाली.

आता सुनेला एकटीनं जमत नाही. ऑर्डरी वाढल्या. चार बायका येतात दुपारी मागच्या खोलीत शिवायला. म्हणून तर म्हटलं ना, खिडकी उघडी आहे. कोण चौघी म्हणता? एक ती दूधवाल्याची बायको, दोघी मिरज रोडच्या वस्तीतल्या, हात काय चालतो त्यांचा! आणि चौथी...

चौथीचं राहू द्या.

अहो, असं काय बघताय माझ्या बोटाकडे? विळी लागली. बरं, नाही लागली विळी. सुई आहे, जाड असते ती, चार पदर एकदम टोचायचे म्हणजे... कुणाला बोलू नका हं. ह्यांना वाटतं मी दुपारी झोपते. तुम्ही परवा बेल वाजवलीत, दोनदा, मला ऐकू आली होती समोरच्या मागच्या खोलीत. चार महिने झाले. पोस्टात खातं उघडलंय, पासबुक तांदळाच्या डब्यात आहे. पहिल्या पैशांतून ताईंचे दोनशे देऊन येणार होते. देईन. आजच देईन.

बरं, मी कशासाठी हाक मारली होती, ते... हां! तुमच्या सासूबाईंची ती हिरवी इरकली आहे ना, लाल पदराची, जी तुम्ही इस्त्रीच्या कपड्यांखाली अंथरता? ती कशी मऊ झाली असेल आता, अगदी सायीसारखी. चांगले पैसे मिळतील हो, वहीत लिहून देतील समोरच्या सासूबाई. आले, आले! कुकर झाला वाटतं, हे हाका मारतायत. तेवढी ती इरकली मात्र बोहारणीला देऊ नका.