चांगलंय, पण लांबवलंय

मराठीत पुस्तक बाजारात यायच्या आधीच त्याचं कौतुक छापून झालेलं असतं. मलपृष्ठावर. ‘मोलाची भर’, ‘अस्वस्थ करणारं लेखन’, ‘प्रत्येकानं संग्रही ठेवावं असं’. लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हस्तलिखित चाळलेलं असतं, उरलेल्यांनी लेखकाचा फोन घेतलेला असतो. प्रकाशन समारंभात पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेला माणूस व्यासपीठावर एकच असतो, तो म्हणजे लेखक. आणि लेखकाबद्दलही पैजेवर सांगायची माझी तयारी नाही.

या सगळ्यात ग्रंथालयाची वर्गणी भरून पुस्तक घरी नेणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला कसं वाटलं? परभणी जिल्ह्यात विचारून बघा. दीड वाक्यात निकाल मिळेल आणि निकाल देणारा पिशवी उचलून चालायलाही लागलेला असेल.

साहित्य या जिल्ह्याला नवं नाही. गंगाखेड जनाबाईंचं. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात जन्मलेले बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता कविता-कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ साली चाळिशीतच गेले. सातोना पुढं जालना जिल्ह्यात गेलं. कवी मात्र आम्ही सोडला नाही. १९९५ साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली ६८वं साहित्य संमेलन इथं भरलं. २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा इथला वाचक अडाणी आहे असं समजून कुणी पुस्तक पाठवू नये.

‘मृत्युंजय’ परत करताना महसूल खात्यातले एक निवृत्त काका म्हणाले, “कर्णाचं म्हणजे आपल्या मराठवाड्यासारखंच हो. अंगात सगळं होतं, अनुशेष तेवढा निघाला नाही.” दांडेकर समितीनं अनुशेषाचे आकडे १९८४ साली मांडले. शिवाजी सावंतांनी सतरा वर्षं आधीच तो विषय हाती घेतला होता, हे अजून कुठल्या पीएच.डी.वाल्याच्या लक्षात आलेलं नाही.

‘ययाति’वर तर ज्ञानपीठापासून आजवर काय कमी लिहिलं गेलं? भोगवाद झाला, संयम झाला, आधुनिक माणसाची तहान झाली. मानवतच्या बाजारात कापूस घालून आलेल्या एका दादांचा प्रश्न वेगळाच होता. “पोरानं बापाला जवानी दिली, ते ठीक. पर बापानं सातबारा केला का न्हाई पोराच्या नावावर?” बापानं शेवटी राज्यच दिलं म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. “मंग बरूबर हाय. फेरफार झाला म्हना की.” खांडेकरांचा ‘ययाति’ एवढ्या स्वच्छपणे निकाली निघालेला मी तरी कुठं वाचलेला नाही.

ग्रामीण कादंबरी लिहिणारा लेखक पुण्यात फ्लॅट घेऊन राहत असेल तर त्यानं या भागात पुस्तक धाडताना विशेष जपावं. अशाच एका कादंबरीत नायक अक्षय्य तृतीयेला पिवळ्याजर्द फुलोऱ्यातल्या तुरीत उभा राहून नायिकेला आठवतो. पानाच्या कडेला शिसपेनीनं लिहिलं होतं: ‘तूर फुलावर दिवाळीच्या आगंमागं येते. इथून पुढं वाचलं नाही.’ खाली सही नव्हती, हुद्दा नव्हता, मोबाईल नंबर नव्हता. एका समीक्षकानं त्याच परिच्छेदातल्या ‘पिवळ्या रंगाच्या प्रतिमासृष्टी’वर अर्धा रकाना लिहिला होता. वैशाखात फुललेली तूर त्यांनी निमूट पचवली.

उलट जे लिहिणारे इथल्याच मातीतले, त्यांची वेगळीच पंचाईत. पुण्या-मुंबईत ज्या कथेला ‘दाहक’ म्हणतात, तिच्यावर इथं अभिप्राय येतो: “हे तर आपल्याकडं रोजचंच हाय, यात लिव्हायचं काय?” लेखकानं हे प्रमाणपत्र फ्रेम करून लावावं का कपाळाला हात लावावा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पण खरी समीक्षा ऐकायची तर श्रावणात पोथी लागते तिथं जाऊन बसावं. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ तीनशे वर्षं झाली तरी अजून चालू आहेत. त्यांना ना दुसऱ्या आवृत्तीची जाहिरात लागली, ना लेखकाच्या सहीचा कार्यक्रम. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि समोर मांडीवर कापूस घेऊन वाती वळणाऱ्या बाया निकाल लावतात. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा अध्याय चालला होता. अर्थ सांगणारे महाराज रंगात आले होते, देव धावून येण्याच्या बेतात होता. पुढच्या रांगेतल्या एक आजी वात पीळ देऊन ताटलीत ठेवता ठेवता शेजारणीला म्हणाल्या, “पाच नवरे माना खाली घालून बसले आन् देवाला यावं लागलं. एक असला काय, पाच असले काय, सारखंच की गं.” शेजारीण तोंडाला पदर लावून हसली, तिच्या मागची हसली आणि हसू पार दाराशी टेकलेल्या सुनांपर्यंत गेलं. महाराजांची ओवी चुकली. स्त्रीवादी समीक्षेवर विद्यापीठात चर्चासत्र भरवायला किती अनुदान लागतं? इथं पावशेर कापसात काम भागलं.

जनाबाईंबद्दलही याच पोथीच्या मंडळात ऐकलं. जनीसंगं देव दळायला बसायचा, ही कथा संपल्यावर एक काकू म्हणाल्या, “तिच्यासंगं देव तरी यायचा. आमच्या गिरनीत लाईट बी येत न्हाई.” महावितरणकडं हा अभिप्राय पोचवायला हरकत नाही.

आता जिल्ह्यातली सगळ्यात जास्त वाचणारी जमात. सकाळी सात ते रात्री अकरा वाचतात. डबा तिथंच, चहा कोपऱ्यावर, दाढी आठवड्यातून एकदा. स्पर्धा परीक्षांची, अभ्यासिकेतली पोरं. त्यांच्या टेबलावर लक्ष्मीकांत असतो, कोळंबे असतात आणि मो. रा. वाळंबे असतात. मराठी भाषेवरचं सर्वांत जास्त घोटून वाचलेलं पुस्तक कुठलं असेल तर वाळंब्यांचं व्याकरण. ते कसं आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं: “भारीय सर, याच्यातून प्रश्न येतात.” आख्ख्या साहित्यशास्त्राला आता ही एकच कसोटी उरलीय. ज्यातून प्रश्न येतो ते साहित्य, ज्यातून येत नाही ते अवांतर.

साहित्यही त्यांना तोंडपाठ आहे, पण ‘जोड्या लावा’पुरतं. कोसला–नेमाडे, बलुतं–दया पवार, उपरा–लक्ष्मण माने, फकिरा–अण्णा भाऊ साठे, बनगरवाडी–व्यंकटेश माडगूळकर. झोपेतून उठवून विचारा. बी. रघुनाथांचं पूर्ण नाव? भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म? १९१३. कादंबरी? ‘आडगावचे चौधरी’. कशी आहे? पोरगं तुमच्याकडं असं बघतं की अभ्यासक्रम बदलल्याची अधिसूचना याला कुठून मिळाली! त्याला हसायचा अधिकार मला नाही. सप्टेंबरात बी. रघुनाथांच्या नावानं महोत्सव होतो, भाषणं होतात, लोक येतात, शाली देतात-घेतात. त्यातल्या किती जणांनी ‘आडगावचे चौधरी’ उघडलंय, ही जोडी कोण लावणार? पोरानं निदान नाव तरी बिनचूक सांगितलं.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा १८ मे हा स्थापना दिवस, १९७२ पासूनचा. त्या दिवशीच्या खरीप मेळाव्यात बियाण्याबरोबर पुस्तकंही विकली जातात. विद्यापीठाची कृषी दैनंदिनी हे आमच्याकडचं घरोघरी सापडणारं पुस्तक. पुढं वाणांची नावं, फवारणीचं प्रमाण, आणि मागं मालकाच्या हस्ताक्षरात मजुरी, उधारी, सोयऱ्यांच्या लग्नतिथी. एका शेतकऱ्यानं तिच्याबद्दल दिलेलं मत असं: “चांगलं पुस्तक हाय. मोकळी पानं लई सोडल्यात.” हेच मत काही कवितासंग्रहांनाही देता येईल, पण कवी माझ्या ओळखीचे आहेत.

‘इकिगाई’ वाचून झालेल्या एका गुरुजींनी जपानी माणसाच्या दीर्घायुष्याचं खरं कारण शोधून काढलंय. त्याला परभणीचा मे महिना माहीत नाही.

पोरांचं मत मात्र आपण त्यांच्या तोंडातून निघायच्या आत दुरुस्त करतो. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, ‘अग्निपंख’वर अभिप्राय लिहून घेतात. सगळ्यांचा सारखा: ‘हे पुस्तक प्रेरणादायी आहे. आपणही मोठी स्वप्ने पाहिली पाहिजेत.’ सहावीतल्या एका पोरीनं लिहिलं, ‘मला रॉकेट समुद्रात पडले तो भाग आवडला, कारण साहेब असून पण त्यांचे चुकले.’ बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि फळ्याकडं बोट दाखवलं. प्रेरणादायी तिथं लिहिलेलं होतं.

ग्रंथालयात अभिप्राय वही नसते असं नाही. असते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं चालणाऱ्या ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा वर्ग असतो, त्याप्रमाणं अनुदान असतं, तपासणीला साहेब येतात, आणि साहेबांसाठी ती वही कपाटातून निघते. ‘ग्रंथालयास भेट देऊन आनंद झाला. उपक्रम स्तुत्य.’ खाली हुद्दा, शिक्का, तारीख. आमदारांचाही आनंद झालेला असतो, सभापतींचाही झालेला असतो. एवढी आनंदी माणसं, पण देवघेव रजिस्टरात एकाचंही नाव सापडत नाही. ज्याचं सापडतं त्या वाचकाला ती वही कधी दिसत नाही. म्हणून तो बिचारा पुस्तकातच लिहितो. शिसपेनीनं, क्वचित निळ्या बॉलपेननं, आणि ग्रंथपाल तपासणीच्या आदल्या दिवशी खोडरबर घेऊन बसतो.

एक पुस्तक मात्र खोडरबरातून सुटलं. जुनी रहस्यकथा, बाबूराव अर्नाळकरांच्या जमान्यातली, आवरण कधीच गेलेलं. पहिल्याच पानावर कुणीतरी लिहून ठेवलंय: ‘खून वकिलानं केला आहे. वेळ घालवू नका.’ त्याखाली दुसऱ्या हाताचं: ‘साफ चूक. वकिलाच्या बायकोनं. नीट वाचत जा.’ त्याखाली तिसरा: ‘भांडू नका. शेवटची आठ पानं फाडलेली आहेत, ती ज्यानं नेली त्यानं कृपया नाव तरी कळवावं.’ आणि अगदी तळाशी, जागा नव्हती म्हणून आडवं, बारीक अक्षरात: ‘मी नेली. तिसरंच कोणीतरी आहे.’