बेसवाल्याच्या चार तारा

रत्नागिरीतल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात सर्वांत मागे, ड्रमसेटच्या शेजारी, एक गृहस्थ उभा असतो. गायिका पुढे येते तेव्हा तो तिच्यामागे झाकला जातो, आणि ती मागे सरकते तोवर ढोलकीवाला पुढे आलेला असतो. त्यामुळे त्याला पूर्ण पाहिलेला प्रेक्षक अजून जन्माला यायचा आहे. निवेदक सगळ्यांची ओळख करून देतो, याच्यापाशी येताच घड्याळ बघतो आणि ‘बेस गिटारवर आपले सर्वांचे लाडके’ म्हणून नाव विसरतो. दिवसा हा माणूस पतसंस्थेत पासबुकं भरतो, नाहीतर शाळेत गणित शिकवतो, नाहीतर मे महिन्यात हापूसच्या पेट्या मोजतो. स्वभावानं मितभाषी. लग्नात, बारशात, मयताला सारखाच गप्प. पण त्याला कुणी सहज विचारावं, ‘तारा कुठल्या लावल्यात हो?’ आणि मग शेवटची एस्टी चुकली म्हणून समजावं. पंचेचाळीस-शंभरचा संच बरा की पंचेचाळीस-एकशेपाचचा, निकेलचा की स्टीलचा, गोल वेटोळ्याचा की चपट्या पट्टीचा, यावर तो जे बोलतो ते आणि तेवढंच त्याचं वर्षभराचं बोलणं असतं. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचे. म्हणजे ज्या फरकासाठी हा माणूस रात्र जागवतो तो मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा आहे. गाव त्याला चक्रम म्हणतं. माझं म्हणणं असं, की त्या अख्ख्या स्टेजवर शहाणा तो एकटाच आहे, फक्त आपल्या शहाणपणाचं कारण तो खोटं सांगतो. तो म्हणतो, ‘टोनसाठी’. खरं कारण त्याच्या बोटांत आहे.

हे नुसतं माझं मत नाही, गणित आहे. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६३६ साली तारेचा नियम मांडला. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचं वजन आणि तिच्यावरचा ताण. आता बेस गिटारची लांबी कारखान्यात ठरलेली, बहुधा चौतीस इंच. सर्वांत जाड तारेचा स्वरही ठरलेला, सेकंदाला सुमारे एक्केचाळीस कंपनं. त्यात बदल केला तर गायिका वेगळ्या सुरात आणि हा वेगळ्या सुरात. मग बेसवाल्याच्या हातात उरलं काय? तारेची जाडी. आणि जाडी वाढली की वजन तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, तोच स्वर काढायला ताणही तेवढाच वाढवावा लागतो. शंभरच्या जागी एकशेपाचची तार लावली की ताण दहा टक्क्यांनी वर जातो, म्हणजे दीड-दोन किलोनं वाढतो. चारही तारा मिळून गिटारच्या मानेवर पाऊणशे ते ऐंशी किलो ओढ असते, म्हणजे एक बऱ्यापैकी जेवणारा माणूस तिथं चोवीस तास लोंबकळत असतो. संच बदलला की मान वाकते, तारा उचलल्या जातात, आणि मग आठवडाभर हा गृहस्थ मान सरळ करायची ॲलन की खिशात घालून फिरतो. पासबुकं भरतानाही तिला हात लावून बघतो. चार तासांच्या कार्यक्रमात उजव्या हाताची दोन बोटं ही तार हजारो वेळा ओढतात. तेव्हा मिलिमीटरचा आठवा हिस्सा हा प्रेक्षकाच्या लेखी शून्य असला, तरी त्या दोन बोटांच्या लेखी तो रात्रभराचा पगारी शत्रू आहे.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती वेष्टनावर छापलेली नसते. ताण आणि ताठपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन तारांवरचा ताण सारखा असूनही एक बोटाखाली लवते आणि दुसरी उलट बोटालाच लववते, कारण आतल्या गाभ्याची तार जाड की बारीक, यावर ते अवलंबून असतं. म्हणून आकडे वाचून तारा मागवणारा बेसवाला दर वेळी फसतो, आणि दर वेळी फसल्याचं मान्य न करता ‘टोन थोडा मोकळा आहे हिचा’ असं म्हणतो. बोट दुखतंय असं म्हणणं कलावंताला शोभत नाही. टोन दुखतोय म्हटलं की सगळं शोभतं.

यावर गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार हमखास एक आक्षेप घेतात: मुळात याचं वाजवणं ऐकू कुणाला येतं? आक्षेप वाटतो तितका पोकळ नाही. एक्केचाळीस कंपनांचा स्वर माणसाच्या कानाला क्षीण ऐकू येतो, आणि गणेशोत्सवात भाड्यानं आणलेल्या स्पीकरांपैकी निम्म्यांना तो झेपतही नाही. पण निसर्गानं इथं बेसवाल्यावर कृपा केली आहे. तार एकाच स्वरात कधी वाजत नाही. एक्केचाळीसच्या जोडीला ब्याऐंशी, एकशेतेवीस, एकशेचौसष्ट अशी वरची कंपनंही ती सोडते. कानाला ही वरची मिळाली की मेंदू खालचा मूळ स्वर आपणच भरून काढतो. म्हणजे मैदानात शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला बेस ऐकू येतो तो बराचसा या वरच्या कंपनांच्या आधारावर, आणि ती किती सुटायची हे ठरवते तार. नव्या, गोल वेटोळ्याच्या तारेत ती भरपूर. चपट्या पट्टीच्या तारेत कमी. महिनोन्महिने न बदललेल्या तारेत जवळजवळ नाहीतच. खजिनदारांना बेस ऐकू येत नसेल, तर दोष वादकाच्या बोटाचा असण्यापेक्षा त्याच्या जुन्या तारांचा असण्याचा संभव जास्त, आणि तारा जुन्या का, तर खजिनदारांनी मानधन वाढवलेलं नाही. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवतो, मग हा हवा कशाला, असाही एक उपप्रश्न येतो. कीबोर्डची कळ दाबून सोडता येते. ओढता, घासता किंवा अर्धवट दाबून मुकी करता येत नाही. इतकं उत्तर त्याला पुरे.

जाणकारांचा आक्षेप मात्र अधिक टोकदार असतो. ते म्हणतात, थोर वादक तारांचे असले चोचले करत नाहीत, आणि पुरावा म्हणून जेम्स जेमरसनचं नाव घेतात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांमागे या माणसाचा बेस आहे. चपट्या पट्टीच्या जाडजूड तारा, त्या तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत हा नेम, आणि वाजवायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. दुसरं टोक लंडनच्या ‘द हू’मधल्या जॉन एंटविसलचं. त्यानंच सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, १९६५च्या ‘माय जनरेशन’च्या वेळी त्याच्या बेसच्या बारीक तारा तुटायच्या आणि सुट्या मिळायच्या नाहीत, म्हणून तो दर वेळी तारांसाठी नवी गिटारच विकत घ्यायचा. पुढं १९६६च्या सुमारास त्यानं रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून आपल्या मनाजोगत्या, पियानोसारख्या खणखणणाऱ्या गोल वेटोळ्याच्या तारा करवून घेतल्या. एक तारा बदलतच नाही, दुसरा तारांपायी गिटारी बदलतो. दोघंही थोर. यावरून जाणकार निष्कर्ष काढतात की तारेला महत्त्व नाही. मला याच पुराव्यातून नेमकं उलट दिसतं. जेमरसनला एका बोटानं खोल, आखूड, ठोसेदार स्वर काढायचा होता आणि त्याची जाड तार ते देत होती. एंटविसलला बेसवर गिटारसारखी धावाधाव करायची होती, तिला जाड चपटी तार उपयोगाची नव्हती. तुटेपर्यंत तार न बदलणं हाही चोखंदळपणाच आहे. हाताला एकदा जमलेली तार सोडायची नाही, इतका कडवा.

आमच्या बेसवाल्याला मात्र निवडीचं हे स्वातंत्र्य पूर्णपणे नाही, कारण त्याच्या आधी निवड समुद्र करतो. मिरकरवाड्यापासून भाट्यापर्यंत वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि ज्या लोखंडावर बसेल त्याला खातं. बहुतेक तारांचा गाभा पोलादाचा, वरचं वेटोळं निकेलचा पातळ मुलामा दिलेल्या पोलादाचं. मुलामा झिजला की खाली पोलाद आणि पोलादाखाली रत्नागिरीची हवा. त्यात पावसाळ्याचे चार महिने, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. गोल वेटोळ्यांच्या फटींत घाम, मेद आणि मीठ जमून तारेचं वजन कुठं जास्त, कुठं कमी होतं. वरची कंपनं मरतात आणि तार ठक् ठक् बोलू लागते. पुण्यातल्या वादकाच्या तारा ज्या काळात नुसत्या मवाळ होतात, तेवढ्यात इथल्या तांबूस दिसू लागतात. यावरचा जुना इलाज म्हणजे तारा उतरवून पाण्यात उकळणं. तो खरोखर लागू पडतो, कारण फटींतला मळ सुटतो. पण त्यासाठी स्वयंपाकघरातला टोप लागतो. वेटोळी करून उकळत ठेवलेल्या तारा शेवयांसारख्या दिसतात, आणि घरातल्या बाईमाणसाला हे पाहून काय वाटतं ते ती एकदाच पण सविस्तर सांगते. त्यानंतर स्पिरिटच्या बाटलीत तारा बुडवून ठेवण्याची पद्धत सुरू होते. तिच्यामुळे बेसवाल्याच्या कपाटाला येणाऱ्या वासाचे गावात भलतेच अर्थ लागतात.

हा सगळा खटाटोप हास्यास्पद वाटणाऱ्यांनी जरा थिबा राजवाड्याच्या आवारातल्या संगीत महोत्सवाकडे पाहावं. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१०च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूसमोर रत्नागिरीकर शाली पांघरून बसतात. गवई येतो, मिरजेहून आलेले तानपुरे लागतात. पंचमाची तार, जोडाच्या दोन, खर्जाची एक. खर्जाची पितळेची, बाकीच्या पोलादी. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा धागा, आणि तो केसभर पुढेमागे सरकवत जवारी खुलवण्यात पाच-दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ सगळं मैदान माना डोलावत श्रद्धेनं थांबतं. अजून एक स्वर गायलेला नसतो, पण ‘वा’ आलेली असते. चार तारा, खाली खर्ज, धातूंची निवड आणि सुतानं साधायची ती वरची कंपनं; मामला तोच. मिरजेतली सितारमेकरांची घराणी दीडशेहून अधिक वर्षं यावरच उभी आहेत आणि त्यांना कुणी चक्रम म्हणत नाही. तेच काम बेसवाल्यानं गणपतीच्या मांडवात अर्धा मिनिट केलं की निवेदक माईकवर म्हणतो, ‘चला, सुरू करूया का?’

म्हणून या माणसाला समजावायचं असेल तर ते ‘तारांचा नाद सोड’ असं नव्हे. त्याला सांगावं, की लोकांच्या सांगण्यावरून जाड तारा लावू नकोस. बोटं दुखत असतील तर हलका संच लाव आणि कारण विचारलं तर बोटं दुखतात असंच सांग. समुद्राच्या जवळ राहत असशील तर लेप दिलेल्या तारा घे. त्या महाग पडतात, पण अधिक टिकतात. जुनी नाट्यपदं आणि भावगीतंच वाजवायची असतील तर चपट्या पट्टीच्या घे. त्यांच्यात मळ बसायला फट नसते, आणि त्या पहिल्या दिवशीही मवाळच वाजत असल्यामुळे पुढं फारसं बिघडायला काही उरत नाही. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं तारा पुसून ठेव, हे त्याला सांगायची गरज नाही. ते तो स्वतःचं तोंड पुसायच्या आधी करतो.

आणि मंडळांना विनंती एवढीच: ऑर्केस्ट्राची सुपारी ठरवताना मंडपवाला, लाईटवाला आणि जनरेटरच्या डिझेलबरोबर एका संच तारांचे पैसेही धरा. बेसवाला ते स्वतःहून मागणार नाही.