'सी'ला पर्याय शोधा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

महाबळेश्वरच्या सहलीवर इंग्रजीत निबंध लिहायचा आहे आणि पहिल्याच परिच्छेदात 'सी' हे क्रियापद पाच वेळा आले आहे? घाबरू नका. पर्याय मिळतो. फार मिळतो, हीच अडचण आहे.

वर्डमध्ये शब्दावर कर्सर ठेवा आणि शिफ्ट धरून एफ-७ दाबा. समोर येणाऱ्या रांगेतला सर्वांत भारदस्त शब्द उचला. अर्थ तपासू नका, त्यात संध्याकाळ जाते.

आता सराव. 'आय सॉ द डेंटिस्ट' या वाक्यात 'विटनेस' घाला: डेंटिस्टने भरचौकात गुन्हा केल्यासारखे वाटेल. 'बिहोल्ड' घाला: दवाखान्यात देवदूत अवतरतील. 'शी इज सीइंग समवन' मध्ये 'ऑब्झर्व्ह' बसवलेत, तर प्रेमप्रकरणाचे पाळतप्रकरण होईल. आणि निरोप घेताना 'सी यू टुमॉरो'ऐवजी 'आय विल स्पॉट यू टुमॉरो' म्हणालात, तर समोरचा माणूस उद्या घराबाहेर पडणार नाही.

थोडे पुढे गेलेल्यांसाठी: ग्लान्स ओझरता, गेझ निवांत. स्टेअर इतका वेळ चालतो, की लोक 'काय पाहिजे?' विचारतात. ग्लेअरला राग लागतो, पीपला फट लागते, पीअर करायला चष्मा घरी विसरावा लागतो. हे सगळे शब्द गोड आहेत. फक्त ते 'सी'चे नव्हेत, 'लुक'चे नातेवाईक आहेत. मराठी माणसाने खरे तर इथे फसू नये, कारण 'दिसणे' आणि 'पाहणे' यांतला फरक त्याला मुंज होण्याआधीपासून कळतो. जिथे मनात 'दिसला' आले, तिथे गेझ-स्टेअर मंडळींना दाराबाहेरच थांबवा. (तरीही 'आय स्टेअर्ड अ मंकी' लिहिणारे निघतातच. माकड काही बोलत नाही.)

पडद्यावर विश्वास नसेल, तर पर्यायी शब्दांच्या कोशाच्या, म्हणजे थिसॉरसच्या, मूळ पुरुषाकडे जा. पीटर मार्क रॉजे हा पेशाने डॉक्टर. शब्दांची पहिली जुळणी त्याने १८०५ मध्ये केली आणि पुस्तक छापले १८५२ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्तरीनंतर. तेव्हा तुम्हीही उद्या निबंध द्यायचा म्हणून घाई करू नका. पाहण्याच्या विषयात तर त्याचा अधिकार दुहेरी होता. उभ्या फटींतून धावते चाक पाहिले, की त्याच्या आऱ्या वाकड्या का दिसतात, यावर त्याने १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता. चांगले चाक वाकडे दिसणे ज्याने इतके मनावर घेतले, त्याच्या पुस्तकाने पुढे किती चांगली वाक्ये वाकडी केली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

त्याचे पुस्तक वर्णानुक्रमे चालत नाही. कल्पनेनुसार हजार नोंदी आहेत आणि विरुद्ध कल्पना शेजारी-शेजारी नांदतात. जुन्या मांडणीत दृष्टी ४४१ वर आहे आणि अंधत्व ४४२ वर. तेव्हा पान उघडल्यावर बोट घट्ट ठेवा. ते एक नोंद घसरले, तर तुमचा अख्खा वर्ग बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्तासमोर आंधळा होऊन बसेल, आणि परीक्षक व्याकरण बरोबर म्हणून गुण देऊन मोकळे होतील.