निकाल शंभर टक्के, बाई किती टक्के?

कोथरूडमध्ये शिक्षकाची गुणवत्ता फ्लेक्सच्या चौरस फुटांत मोजतात. दहावीचा निकाल लागला की कर्वे पुतळ्यापासून पौड रोडपर्यंत हसरे चेहरे टांगले जातात. एकच मुलगी शाळेच्या फ्लेक्सवर असते, क्लासच्याही, आणि भावी नगरसेवकाच्याही. तिथे तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि भाऊंचा पुरुषभर उंच. पाचवीत तिला अपूर्णांक समजावणाऱ्या बाई कुठल्याच फ्लेक्सवर नसतात.

शासनाचे माप अधिक शास्त्रशुद्ध. 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने माध्यमिक शिक्षकांच्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी, इतर अटींबरोबर, नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर असण्याची अट घातली. मग 2019 च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण बंद झाले आणि राज्याचा निकाल 89.41 वरून थेट 77.10 टक्क्यांवर आला. म्हणजे अख्खा महाराष्ट्रच निवड श्रेणीला अपात्र! पुढच्या वर्षी ते गुण परत आले, निकाल 95.30 झाला. 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षा झालीच नाही, तेव्हा 99.95. या हिशेबाने शाळा बंद आणि परीक्षा रद्द असताना मास्तर सर्वांत उत्तम शिकवतात. ती अट पुढे मागे घेण्यात आली. फ्लेक्स मात्र कोणी मागे घेतले नाहीत.

शंभर टक्के निकालाची पाककृतीही सोपी आहे. कच्चे मूल नववीतच ओळखावे, पालकांना बोलावून चहा पाजावा आणि ‘त्याच्यावर ताण नको’ असे सांगून 17 नंबरचा फॉर्म पुढे सरकवावा. मूल खासगीरीत्या बसते, शाळेचा निकाल शाबूत राहतो. यात शिकवण्याचा भाग येत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

शिकवणे दिसते ते वहीत. एका वहीत पानापानावर लाल शेरा असतो, ‘पाहिले’, आणि खाली तारीख. दुसरीत चुकलेल्या गणिताच्या तिसऱ्या पायरीवर गोल असतो, ‘हातचा कुठे गेला?’ असे विचारलेले असते आणि खाली मुलाने तेच गणित पुन्हा सोडवलेले असते. दोन्ही वह्या पोर्टलवर सारख्याच. मतदारयाद्या आणि खिचडीचा हिशेब सांभाळून ही दुसरी वही तपासली जाते, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. वर्गात मागच्या बाकावर बसून आख्खा तास ऐकणारे साहेबही आता दुर्मीळ झाले. ते ऑनलाइन माहिती तातडीने मागवण्यात गुंतलेले असतात.

आकड्यावाचून चैन पडत नसेल, तर पालकांनी प्रवेश घेताना शाळेला एवढेच विचारावे: नववीत बसलेल्यांपैकी किती मुले पुढच्या वर्षी याच शाळेतून दहावीला बसली?