संपर्क क्षेत्राबाहेरचा बाँड

जेम्स बाँड २०२१ साली वारला. ‘नो टाइम टु डाय’च्या शेवटी बेटावर क्षेपणास्त्रं कोसळली तेव्हा तो तिथेच उभा होता, तेव्हा शंकेला जागा नाही. तरीही श्रेयनामावली संपता संपता पाटी आलीच, की जेम्स बाँड परत येणार आहे. आपल्याकडे मेलेला नायक परत आणायचा तर जुळा भाऊ काढावा लागतो, नाहीतर पुनर्जन्म. बाँडवाल्यांनी असली यातायात ठेवलेली नाही. नवा नट आणायचा, गाडी पहिल्यापासून सुरू करायची आणि त्याला रीबूट म्हणायचं.

हा रीबूट आता ॲमेझॉनच्या हाती आहे. २०२५च्या फेब्रुवारीत ब्रॉकली कुटुंबाने साठेक वर्षं सांभाळलेला बाँड त्यांच्या हवाली केला. दिग्दर्शक डेनी विलन्यूव्ह, पटकथा ‘पीकी ब्लाइंडर्स’वाल्या स्टीव्हन नाइटची. पुढचा बाँड कोण, यावर जगभर पैजा लागतात. मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. कॉनरी गेला तेव्हाही आता संपलंच असं म्हणणारे होते. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. आपल्याकडे नाही असं या नव्या बाँडकडे काय असणार?

कारण सगळी गंमत तिथेच होती. इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी, ‘कॅसिनो रॉयाल’, १९५३ची. महायुद्ध जिंकून आठ वर्षं झाली तरी इंग्लंडात मटण रेशनवरच मिळत होतं, रेशनिंग संपायला १९५४ उजाडलं. अशा वाचकासमोर बाँड फ्रान्समधल्या हॉटेलात बसून ॲव्होकाडो मागवतो. तो वाचक पिस्तुलापेक्षा त्या ॲव्होकाडोवर जास्त जळला असणार. आज पुण्यात ॲव्होकाडो भाजीवाल्याकडे मिळतो आणि दोन दिवस पिकवत ठेवल्यावर नेमका आपण विसरतो त्या दिवशी काळा पडतो.

परदेशाचंही तेच. बाँडपटाच्या एका तिकिटात तीन देश बघून होत, हा मोठाच सौदा होता. १९८३च्या ‘ऑक्टोपसी’त तो आपल्या उदयपूरला आला, विजय अमृतराज त्याच्या मदतीला होता, आणि आपल्याला केवढं कौतुक! आता आपलीच काकू स्वित्झर्लंडच्या बर्फात उभी राहून कुटुंबाच्या ग्रुपवर चौदा फोटो टाकते, आणि तिच्या सहलीत रात्री वरणभातही असतो. बाँडला आजवर कोणी वरणभात वाढलेला नाही.

खरं तर फ्लेमिंगचा बाँड नोकरदारच होता. ‘मूनरेकर’ या कादंबरीत त्याचा दिनक्रमच दिला आहे: साधारण दहा ते सहा कचेरी, वर्षाला दीड हजार पौंड पगार, खरी कामगिरी दोन-तीनदाच, बाकीचे दिवस फायली. पंचेचाळिशीला त्याला मोहिमांवरून काढून टेबलावर बसवणार, असा नियमही त्यात आहे. (सिनेमात रॉजर मूर सत्तावन्नाव्या वर्षीही मोहिमेवर होता. एक्स्टेन्शन कुणाच्या ओळखीने मिळालं, कळत नाही.) पण हा नोकरदार एकदा विमानात बसला की सुटला. लंडनचा साहेब लंडनात, हा जमैकात, आणि मधे समुद्र.

पुढे हा समुद्र आटत गेला. १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये बाँड नदीकाठी मैत्रिणीबरोबर सहलीला गेलेला असताना खिशातलं यंत्र वाजतं आणि त्याला गाडीतल्या फोनवरून कचेरीशी बोलावं लागतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला ती चैन वाटली असेल. आज ते दृश्य बघताना पोटात गोळा येतो. क्रेगच्या काळात तर कहर झाला. २००६ साली त्याच्या हातात ट्रॅकर टोचला आणि २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये तो थेट रक्तातच सोडला. साहेबाला कळतं हा कुठल्या शहरात आहे. आमच्याकडे याला ‘लाइव्ह लोकेशन’ म्हणतात आणि ते मागणाऱ्याला हेर म्हणत नाहीत, बायको म्हणतात. खऱ्या एमआय-६ मध्ये तर २०२५च्या ऑक्टोबरात तंत्रज्ञान खातं सांभाळणाऱ्या ब्लेझ मेट्रेवेली प्रमुख झाल्या, म्हणजे सिनेमात बाँडला यंत्रं पुरवणारा क्यूच साहेबाच्या खुर्चीत बसला. त्या पहिल्या महिला प्रमुख आहेत याचा आनंद आहेच, पण आता बाँडला ‘रेंज नव्हती’ असं सांगून सुटता येणार नाही.

नव्या बाँडला काळजातल्या जखमा द्या, समुपदेशक द्या, विजेवर चालणारी ॲस्टन मार्टिन द्या, अशा सूचना येतीलच. जखमा क्रेगने पाच चित्रपट भरून दिल्या, तेवढ्या पुरे. आणि मोटार, घड्याळ, सूट हे सगळं हप्त्यावर मिळतं. हप्त्यावर मिळत नाही ती एकच गोष्ट, कोणालाही न सापडणं. साहेबाचा फोन वाजतोय आणि हा माणूस तो समुद्रात भिरकावून पोहायला निघालाय, एवढं एक दृश्य दाखवलं तरी जगातले तमाम नोकरदार शिट्ट्या मारतील.

तेव्हा विलन्यूव्हसाहेब, खलनायक कोणताही घ्या, नट कोणताही घ्या. फक्त बाँडला व्हॉट्सॲप देऊ नका.