पाठ लागलीच नव्हती

माजी पैलवान ओळखावा तो कानांवरून. पोट कुणाचंही सुटतं. मोडून गोळा झालेला कान मात्र मातीत घासल्याशिवाय मिळत नाही. जाफराबादच्या अप्पांचे दोन्ही कान तसे आहेत. घरून दळण आणायला सांगितलं की त्या कानांनी ऐकूच येत नाही; दोन टपऱ्या पलीकडे कुणी ‘कुस्ती’ म्हटलं की स्पष्ट येतं.

अप्पांनी कुस्ती सोडून जमाना झाला. खुराक सोडायचा तेवढा राहून गेला. कारकीर्द रेवड्यांवर सुरू झाली, नारळावर आली आणि जत्रेतल्या किरकोळ इनामापाशी थांबली. म्हणजे खेळायची थांबली. सांगायची अजून चढतीच आहे. पूर्वी भोकरदनच्या पैलवानाला मारलेली ढाक पुढे चिखलीच्या पैलवानाला बसली. यंदा तोच गडी कोल्हापूरच्या तालमीतला निघाला. हरलेली कुस्ती एकच, आणि तीही पंचांनी हरवलेली. “पाठ लागलीच नव्हती!”

नव्वदच्या दशकात केबल आली आणि तिच्यासोबत डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कंपनीची कुस्ती. पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर उंची, वजन, छाती लावून एकमेकांना हरवू लागली. अप्पांनी टीव्हीसमोर बसून पाच मिनिटांत निकाल दिला, “नुरा हाय ही.” नुरा म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. “मातीच नाही, तर पाठ लागंल कशाला?”

अपवाद केला तो एकाचा, ब्रेट हार्टचा. कॅनडातल्या कॅलगरीचा हा गडी गुलाबी-काळ्या कपड्यांत यायचा आणि आपला चष्मा समोरच्या एखाद्या लेकराला देऊन टाकायचा. अप्पांना ते नाटक वाटे. पण बाप स्टू हार्ट स्वतः पैलवान, घराच्या तळघरात तालीम, आणि आठही मुलगे या ना त्या वाटेनं कुस्तीच्याच धंद्यात, हे कळलं तेव्हा अप्पा विरघळले. “वस्तादाचं लेकरू हाय. कपड्याकडं काहून पाहता?”

मग 9 नोव्हेंबर 1997 ची मॉन्ट्रियलची कुस्ती झाली. ब्रेट कंपनी सोडून दुसरीकडे निघाला होता आणि पट्टा अजून त्याच्याच कमरेला होता. शॉन मायकल्सनं ब्रेटचाच शार्पशूटर डाव ब्रेटवर बांधला. ब्रेटनं हार मानली नव्हती, तरी मालक व्हिन्स मॅकमहननं घंटा वाजवायला लावली. ब्रेट मालकाच्या तोंडावर थुंकला आणि नंतर आत जाऊन त्यानं त्याला ठोसाही हाणला.

पोरांनी ही हकीकत टपरीवर सांगितली, तेव्हा अप्पा बाकावरून उठून उभे राहिले. “पाहा! त्याचीबी लागली नव्हती!” त्या दिवसापासून जगात अन्याय झालेले पैलवान दोन. थुंकण्यावर मात्र त्यांचं स्वतंत्र मत होतं: पंचावर थुंकू नये, माती वाया जाते. याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

“पण अप्पा, सगळंच ठरवून असतं, तर अन्याय कसला?” एका कॉलेजच्या पोरानं विचारलं. अप्पांना ऐकू आलं नाही.

4 जानेवारी 2010 ला ब्रेट परत गेला आणि त्यानं भर रिंगणात शॉनशी हात मिळवला. अप्पांनी आठवडाभर त्याचं नाव घेतलं नाही. कारण अप्पांचा शॉन इथंच आहे. कडब्याचा धंदा करतो, रोज त्याच टपरीवर बसतो आणि अप्पांच्या चहाचे पैसेही बहुतेक वेळा तोच देतो. इतकी वर्षं अप्पांची कहाणी तो शेजारी बसून मुकाट ऐकत आला होता.

ब्रेटच्या समेटावर अप्पा तापले आणि म्हणाले, “पैशानं मिटवलं असंल!” तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

“अप्पा, आपलं काय ठरलं होतं? पाच मिनिटं धरायचं, मंग तू पडायचं, अन् नारळ अर्धा-अर्धा. अर्धा तू खाल्लास की नाई?”

टपरी गप्प. अप्पांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि टपरीवाल्याला सांगितलं, आज सगळ्यांचा चहा माझ्याकडून.