रानटर्कीची तंगडी व्हाया शिवाजी पेठ

आमचा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. त्याच्या शेजारी एक शिकारी राहतो. तिकडे एप्रिल-मेमध्ये रानटर्कीच्या शिकारीचा रीतसर सरकारी परवाना मिळतो. शेजाऱ्याने एक नर टिपला, छातीचं मऊ मांस स्वतःकडे ठेवलं आणि तंगड्या, मांड्या, पंख आणि मान शेजारधर्म म्हणून भाच्याला दिली. तिकडचे बरेच शिकारी तंगड्या टाकूनच देतात हे भाच्याला नंतर समजलं, तेव्हा शेजारधर्म नेमका किती वजनाचा होता हेही समजलं.

त्याने एक तंगडी ओव्हनमध्ये भाजली. मग व्हिडिओ कॉल करून ती आम्हाला दाखवली आणि टेबलावर आपटूनही दाखवली. आवाज चांगला खणखणीत आला.

घरात बैठक बसली. सौभाग्यवतींनी निकाल दिला, "अक्कामावशीला विचारा." ही त्यांची सख्खी मावशी, मुक्काम शिवाजी पेठ, कोल्हापूर. पण अक्का फोनवर पाककृती सांगत नाहीत. या, बघा, जेवा आणि मग बोला, अशी त्यांची रीत. तेव्हा एका माणसाला जावंच लागणार होतं. दुसरं कुणी मोकळं आहे का हे विचारण्यात वेळ न घालवता मी कोयना एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

कोयना सकाळी मुंबई सोडते आणि संध्याकाळी उशिरा कोल्हापूर गाठते. एवढ्या वेळात माणूस आपलं गुपित स्वतःपाशी ठेवू शकत नाही. साताऱ्यापर्यंत सगळ्या डब्याला तंगडीची बातमी लागली होती आणि पुढे प्रत्येक स्टेशनावर नवा तज्ज्ञ चढत होता. कराडला कच्ची पपई चोळायचा सल्ला मिळाला. किर्लोस्करवाडीला सुपारीचं खांड टाकायचं ठरलं. मिरजेला सुपारी रद्द होऊन करवंटीचा तुकडा आला. जयसिंगपूरला चढलेल्या आजोबांनी मात्र मुळातच हात घातला.

"पळतंय किती त्ये पाखरू?"

"ताशी चाळीस किलोमीटर म्हणतात. उडताना ऐंशीच्या वर."

आजोबांनी खिडकीबाहेर बघितलं. गाडी सिग्नलला उभी होती. "मग हिच्यात कशाला बसला? त्याच्यावरच बसून यायचं."

कोल्हापूरला रूळ संपतात. पुढे काही आहे असं रेल्वेलाही वाटत नाही आणि कोल्हापूरकरांना तर नाहीच नाही. रिक्षावाल्याने कामाचं विचारलं, मी सांगितलं. "तंगडी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "आधी पांढरा रस्सा प्या, मग तांबडा. नंतर कसला प्रश्नच ऱ्हात न्हाई."

अक्कांनी दारातच उलटतपासणी सुरू केली.

"वय किती?"

"यंदा अठ्ठावन्न पूर्ण."

"तुमचं न्हवं हो पावणं, पाखराचं!"

ते मला ठाऊक नव्हतं. अक्कांच्या यजमानांनी, म्हणजे मामांनी, चहाचा कप खाली ठेवला. तरुणपणी ते गंगावेशीच्या तालमीत घुमलेले, त्यामुळे मांस आणि वय या दोन्ही विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. "पायाच्या मागचा काटा बगाय सांगा. बुटका असंल तर कोवळं पोरगं. लांब, टोकदार असंल तर पैलवान." शेजाऱ्याने पायाचे पंजे शिकारीची खूण म्हणून ठेवले होते. भाच्याने कुंपणावरून मोजायला लावले. काटा इंचभर निघाला. "पैलवान हाय," मामा आदराने म्हणाले.

आता आपणही काही ज्ञान दाखवावं म्हणून मी जहांगीर बादशहा काढला. 1612 साली मुकर्रब खानाने गोव्याहून बादशहासाठी नवलाच्या चिजा आणल्या, त्यांत एक टर्की होता. मूळ अमेरिकेचं हे पाखरू हिंदुस्थानात इतकं अपूर्व होतं की बादशहाने उस्ताद मन्सूरला बोलावून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नुसतं चित्रच काढलं? रस्सा न्हाई केला?"

मोगल साम्राज्य का बुडालं याचं इतकं थोडक्यात उत्तर मला शाळेत कुणी दिलं नव्हतं.

सकाळी मामांनी मला न्यू पॅलेसला नेलं. 1884 साली पुऱ्या झालेल्या या वाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं ओळीने उभी आहेत. शाहू महाराज नावाजलेले शिकारी, आणि शिकवलेले चित्ते सोडून काळवीट धरण्याचा षोक इथल्या दरबारात होता. मामा एकेका जनावरापुढे थांबत होते. "सगळी धावणारी," ते म्हणाले, "ह्यांचं मटण चुलीवर किती वेळ ठेवलं असंल, विचार करा." 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे तितर-लाव्यापासून रानडुकरापर्यंत सगळं फक्त बघायचं. त्यामुळे रानटी मांस शिजवायचा हात आता टिकलाय तो थोराड गावठी कोंबड्यावर.

तो आणायला लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात गेलो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत शेडमध्येच मोठ्या झालेल्या ब्रॉयलरकडे मामांनी ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी एक तांबडा, तुरेबाज, रागीट डोळ्यांचा कोंबडा निवडला. त्याचा काटा बघितला, मांडी दाबली. विक्रेता म्हणाला, "दादा, ह्यो शिजायला वेळ घेनार." मामा म्हणाले, "आमालाबी कुटं जायचंय?"

रात्री आठला, म्हणजे मिशिगनच्या सकाळी साडेदहाला, दोन्हीकडे पातेली चढली. मध्ये फोन उभा केला.

"लेकरा, मी सांगतो तसं कर," अक्का म्हणाल्या. "तेलात कांदा घाल. आलं-लसूण, हळद, मीठ. उरलेली तंगडी, मांड्या, पंख, मान, सगळं घाल. पानी न्हाई घालायचं."

"पाण्याशिवाय करपेल ना, अक्का!"

"झाकणावर ताट ठिव आन् ताटात पानी वत. वरचं पानी तापलं की त्येच आत घालायचं. गार पानी घातलंस तर मटण रुसतंय."

रुसण्यामागचं शास्त्र मी मिशिगनला समजावलं. तंगडीचा चिवटपणा कोलॅजेनच्या धाग्यांचा. कोरड्या आचेवर ते विरघळायच्या आत मांस सुकतं. ओलाव्यात सत्तर-ऐंशी अंशांच्या वर दोन-तीन तास ठेवलं की त्यांचं जिलेटिन होतं आणि रश्श्याला अंग येतं. जे स्नायू दिवसभर चालतात त्यांत मायोग्लोबिन जास्त, म्हणून मांस काळपट आणि चवीला दांडगं. छाती पांढरीफटक, कारण टर्की उडतो क्वचित.

"म्हंजे जे राबलं त्यालाच चव," अक्का म्हणाल्या. माझं सगळं शास्त्र त्यांनी एका वाक्यात आटवलं.

पपई, सुपारी आणि करवंटीचा अर्जही मी सादर केला. पपई वरवर मांसाचा लगदा करते आणि आत चिवटपणा तसाच राहतो, म्हणून नामंजूर. सुपारी जेवणानंतर. करवंटी आंघोळीच्या बंबात. कुकर लावू का, असं भाच्याने दबकत विचारलं. कुकरमध्ये एकशेवीस अंश गाठतात, तासाभरात काम होतं. "लाव की," अक्का म्हणाल्या, "मग रस्साबी कुकरलाच पाज." त्याने कुकर फडताळात ठेवला.

आमचा कोंबडा दोन तासांत नमला. अक्कांनी अळणी पाणी गाळून दोन वाटण्या केल्या. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर रस्सा फाटतो. तांबड्यात घरची कांदा-लसूण चटणी, आणि वर कट असा की वाटीत आपलं तोंड दिसावं. मी पांढरा प्यालो, तांबडा प्यालो, पुन्हा पांढऱ्याकडे वळलो. भाकरी, सुक्कं, खर्डा येत राहिले. तंगडी हाडावरून आपणहून उतरली. "घ्या की पावणं, काय लाजताय?" असं अक्का विचारत होत्या. मी लाजत नव्हतो, श्वास घेत होतो.

तिकडे टर्कीला तीन तास लागले. त्याच्या तंगडीतल्या कंडरा वयाबरोबर हाडासारख्या कडक होतात. मांस सुटल्यावर भाच्याने त्या काड्या एकेक करून उपसल्या. चटणी त्याच्याकडे अक्कांचीच होती, गेल्या दिवाळीला पाठवलेली. वास कुंपण ओलांडून गेला आणि शेजारी आला. त्याला आधी पांढरा, मग तांबडा दिला. तांबड्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही, नंतर त्याने नाक पुसलं आणि वाटी पुढे केली. मामा इकडून ओरडले, "नाद खुळा!"

पुढच्या वर्षी शेजाऱ्याने पुन्हा टर्की टिपला आणि शेजारधर्म पाळला. या खेपेस त्याने भाच्याला छाती पाठवली. तंगड्या त्याने स्वतःकडे ठेवल्या होत्या, आणि सोबत चिठ्ठी होती की तो तांबडा मसाला थोडा मिळेल का.

हे ऐकून अक्का भडकल्या. "शिकवलंस कशाला रं त्याला? आता त्या कापसाचं काय करनार हाईस?"

चटणी मात्र त्यांनी किलोभर पाठवली. माणूस गोरा असला तरी पावणाच, म्हणाल्या.